दाखल्याआधीचं मूल



या व्याख्यानमालेत आजवर इतिहासावर बोलणं झालं, संतसाहित्यावर झालं, ऊसदरावरही झालं. खोकल्यावर बोलणारा मी पहिलाच. ‘दम्याचा नुसता संशय असलेलं मूल आणि त्याची शाळा’ असा विषय मी कार्यकर्त्यांना फोनवर सांगितला, तेव्हा पलीकडे जरा शांतता पसरली. मग ‘म्हणजे आरोग्यविषयक’ अशी त्यांनी स्वतःचीच समजूत काढली आणि पत्रिकेवर तेच छापलं. माझी तक्रार नाही. पण विषय आरोग्याचा निम्माच आहे. उरलेला निम्मा कागदाचा आहे, आणि म्हणून सुरुवात, ज्यांच्या हाताखालून मी शाळेत गेलो त्या बाईंच्या हजेरीच्या कॅटलॉगपासून करतो.

तो कॅटलॉग इथल्या पुष्कळांनी पाहिलेला आहे. खाकी पुठ्ठा, कडेला लाल कापडी पट्टी, निळ्या शाईत हजेरी, लाल शाईत गैरहजेरी आणि शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. मी मुलांचा डॉक्टर होऊन गावात परत आलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. एका संध्याकाळी बाई दवाखान्यात आल्या. काखेत छत्री आणि कॅटलॉग. मला वाटलं, गुडघे दाखवायला आल्या असतील. त्यांनी टेबलावर कॅटलॉग उघडला आणि एका मुलाच्या नावापुढे बोट ठेवलं. शेऱ्याच्या रकान्यात बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘सोम. कवायतीनंतर खोकला.’ पुढच्या आठवड्यात, ‘फळा पुसला, ढास.’ नंतर, ‘दिवाळीनंतर ५ दिवस नाही. आई म्हणते छाती भरली.’ मग, ‘पाऊस. ठीक.’ अशा चार महिन्यांच्या नोंदी.

“याला काय झालंय?” मी विचारलं.

“ते तू सांगायचं. दिसलं ते मी लिहिलं,” बाई म्हणाल्या. आणि उठता उठता, “जागा मी त्याची बदललीय.”

तो मुलगा तोवर माझ्याकडेच काय, कुठल्याच डॉक्टरकडे धड गेलेला नव्हता. रोगाला नाव नव्हतं, दाखला नव्हता, पालकांचा अर्ज नव्हता. तरी त्याचा बाक फळ्याजवळून हलला होता. बाईंना त्यात काही विशेष केलं असं वाटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा वाटलं नाही. मला ते कळायला माझ्या हातून एक चूक व्हावी लागली.

ती चूक सांगतो. चौथीतली मुलगी, आठ वर्षांची. दोन हिवाळ्यांत तिला तीनदा मशीनची वाफ द्यावी लागली होती. पहाटे खोकला, पळाल्यावर खोकला, जोरात हसली तरी खोकला. दवाखान्यात आली की मात्र छाती स्वच्छ. दम्याचा संशय मला होता. तशी औषधं मी सुरू केली, पंप दिला, श्वासाच्या तपासणीसाठी सोलापूरला जायला सांगितलं. वडील थांबले, बायको-मुलगी बाहेर गेल्यावर हळूच म्हणाले, “डॉक्टर, कागदावर तेवढं दमा लिहू नका. पोरीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळेला कुणीतरी काढतं.” मुलगी आठ वर्षांची! पण मी हसू शकलो नाही, कारण त्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलीच्या केसपेपरवर मीच ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’ असं गुळगुळीत काहीतरी लिहिलं होतं, आणि कारण हेच होतं.

शाळेनं दाखला मागितला होता. माझ्याजवळ निदान नव्हतं, वडिलांना शब्द नको होता. मग मी आम्ही डॉक्टर अशा वेळी लिहितो ते लिहिलं: ‘शाळेत जाण्यास हरकत नाही.’ म्हणजे त्या मुलीच्या दुखण्याबद्दल शाळेकडे जो एकुलता एक कागद गेला, तो ती ठणठणीत असल्याचा.

डिसेंबरात क्रीडा सप्ताह होता. दप्तरात औषध ठेवायचं नाही असा शाळेचा नियम, त्यामुळे पंप ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली लेखनिकाकडे आणि लेखनिक पंचायत समितीत. मुलगी धावली, तिसरी आली, येऊन सावलीत बसली. शर्यत संपली, आता काय व्हायचंय, असं सगळ्यांना वाटलं. पळण्यानं चाळवणारा दमा पुष्कळदा पळताना चाळवत नाही. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वर येतो. भराभर तोंडानं आत घेतलेली कोरडी, गार हवा नळ्यांचा ओलावा ओढून घेते आणि त्या आवळतात. पुढची शर्यत सुरू झाली होती, सगळ्यांच्या नजरा तिकडे. कुणीतरी पाहिलं तेव्हा मुलगी गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर करून श्वास ओढत होती.

पीटीच्या सरांनी तिला मोटरसायकलवर पुढे मावशी, मध्ये मुलगी... छे, उलट. पुढे सर, मध्ये मुलगी, मागे मावशी, असं दवाखान्यात आणलं. तासाभरात ती सावरली. सर बाहेर बाकावर बसून होते. मी गेलो तसे उठले. “डॉक्टर, हिला दमा आहे हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही.”

“अजून नक्की नाही,” मी म्हणालो.

“मग पंप कशाला दिलाय?”

मी काहीतरी पुटपुटलो. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

निदानाचं हे घोंगडं एवढं भिजत का पडतं, ते आधी सांगतो. दमा हा येणारा-जाणारा आजार आहे. झटका असतो तेव्हा मूल शाळेत नाही तर अंथरुणात असतं, आणि डॉक्टरसमोर येतं तेव्हा नळ्या मोकळ्या झालेल्या असतात. आतली घरघर ऐकायची तर वेळ जुळून यावी लागते. श्वास मोजणाऱ्या यंत्रात, म्हणजे स्पायरोमीटरमध्ये, खोल श्वास घेऊन सगळी हवा एका दमात, जोर लावून, शेवटपर्यंत बाहेर फेकावी लागते. पाच वर्षांखालच्या पोराला हे बहुधा जमत नाही. मोठ्याला जमतं, पण बऱ्या दिवशी त्याचा निकाल अगदी सरळ येऊ शकतो. सरळ निकाल म्हणजे दमा नाही, असं म्हणता येत नाही. म्हणून लहान मुलांत डॉक्टर काय बघतात? त्रासाची तऱ्हा, घराण्यात दमा-ॲलर्जी आहे का, आणि औषध काही आठवडे देऊन फरक पडतो का. यात महिने जातात, कधी दोन हिवाळे जातात. ही दिरंगाई नव्हे, या आजाराची रीतच तशी आहे. तेवढ्या काळात मूल मात्र रोज शाळेत जात असतं.

शब्दांचाही घोळ आहे. इंग्रजीत ज्याला ‘व्हीझ’ म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द कोणता? एक आई म्हणते घरघर, दुसरी म्हणते सूं सूं वाजतं, तिसरी म्हणते मांजराचं पिल्लू बसलंय छातीत. घशातल्या कफाच्या आवाजालाही आपण घरघरच म्हणतो. जगातल्या मुलांचा दमा मोजायला निघालेल्यांनाही ही अडचण आली. १९९१ साली सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या पाहणीत आपल्याकडची मुंबई, पुणे, अकोला ही केंद्रंही होती. तिच्या प्रश्नावलीचा भर दम्याच्या नावावर नव्हता. गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का, खेळल्यावर आला का, सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला असतो का, असे प्रश्न होते. मोठ्या मुलांना तर चित्रफीत दाखवून, ‘तुला असं होतं का?’ असं विचारलं. कारण उघड आहे. रोगाचं नाव विचारलं तर डॉक्टरनं सांगितलेलंच उत्तर मिळतं, आणि ज्याला डॉक्टर भेटलाच नाही ते पोर मोजणीतून निसटतं. बाईंनी हा अभ्यास वाचलेला असणं शक्य नाही.

घरच्यांचं भय वेगळंच. ‘पंप लागला’ हे आपल्याकडे शेवटचं स्टेशन आल्यासारखं म्हणतात. पंपाची सवय लागते, असं शिकलेली माणसंसुद्धा सांगतात. त्यांना मी एक हिशेब मांडून दाखवतो. निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची साधी गोळी असते २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते आणि मग छातीत पोचते; फवारा थेट छातीत जातो. वीसपट औषध चालतं आणि एक भाग चालत नाही, हे कसं? तरी पंप नको म्हणून मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला दम्यावरचं माशातलं औषध घ्यायला जाणाऱ्या गाड्या भरतात. त्या गर्दीत आपल्या जिल्ह्यातली माणसं असतात, माझे पेशंटही असतात. मी त्यांच्यावर रागावत नाही. फक्त पंप बरोबर न्या म्हणतो, आणि ते नेतात.

जाता जाता त्या पंपाची जन्मकथा सांगतो, कारण ती शाळेशी जोडलेली आहे. १९५५ साली अमेरिकेत रायकर नावाच्या औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दम्यानं बेजार होती. तिचं औषध काचेच्या नळीत, रबरी फुग्यानं फवारायचं. नळी फुटायची, गळायची. केसांचा स्प्रे जसा डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं. पुढच्या वर्षी मापानं फवारा देणारा पंप बाजारात आला. म्हणजे ही वस्तू खिशात घालून हिंडता यावी म्हणूनच जन्मली. आपण ती कपाटात कुलूप लावून ठेवतो.

आता शाळेची बाजू. ती ऐकून न घेता शाळेला बोल लावणं मला पटत नाही. एका वर्गात साठ पोरं, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यात कुणी म्हणावं की या मुलाकडे जरा बघा, याला काहीतरी आहे, काय ते माहीत नाही. मुख्याध्यापक विचारणारच: उद्या काही झालं तर जबाबदार कोण? हा प्रश्न निष्ठुरपणाचा नाही. पण दाखल्याची अट घातल्यानं जबाबदारी टळते, हा भ्रम आहे. दाखला नव्हता म्हणून त्या दिवशी मैदानावरचा प्रसंग टळला नाही.

इंग्लंडमध्ये या कोंडीवर सरकारनं लेखी तोडगा काढला आहे. तिथल्या मुलं आणि कुटुंबं यांच्यासाठीच्या २०१४ सालच्या कायद्याचं कलम १०० सांगतं, की आजारी विद्यार्थ्यांची शाळेतली सोय बघणं हे शाळेचं कर्तव्य आहे. त्याखाली निघालेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे, की आधार द्यायला शाळेनं औपचारिक निदानाची वाट बघण्याची गरज नाही. स्थिती धूसर असेल किंवा मतभेद असतील तर हाताशी असलेल्या पुराव्यावरून ठरवावं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिथल्या शाळांना चिठ्ठीशिवाय तातडीचा पंप विकत घेऊन ठेवायची मुभा मिळाली. पण तिथेही मेख आहेच. तो पंप वापरायचा तर मुलाला दमा असल्याचं निदान झालेलं हवं, किंवा डॉक्टरनं त्याला पंप लिहून दिलेला हवा, आणि पालकांची लेखी संमती हवी. म्हणजे संशयाच्या टप्प्यावरच्या मुलालाही डॉक्टरची एक ओळ लागतेच. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आहे. अपंगत्वामुळे मुलाला मदतीची गरज असावी असं मानायला जागा असेल, तर पाहणी करण्याची जबाबदारी शाळेवर येते. येऊन-जाऊन असणारा आजार तो चाळवलेल्या वेळी कसा असतो यावरून तोलावा, हे २००८ च्या दुरुस्तीनं पक्कं झालं.

आपल्याकडे काय? दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत दमा नाही. त्या वाटेनं गेलात तर हात हलवत परत याल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी करतं. खोकणाऱ्या पोराला ‘नाटक करतो’ म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे त्यात बसतात. मात्र एक दार उघडं आहे आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरमधून झाली. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषध निर्माता असं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तीस प्रकारचे दोष-आजार शोधतं. त्या यादीत ‘दमा’ असा शब्द नाही. तिथे लिहिलं आहे ‘रिॲक्टिव्ह एअरवे डिसीज’, म्हणजे चाळवणाऱ्या श्वासनळ्यांचा आजार. बालरोगतज्ज्ञ हा शब्द नेमका तेव्हा वापरतात, जेव्हा दम्यासारखं दिसतंय पण दमा म्हणायला अजून हात धजत नाही. सरकारनं स्वतःच्या छापील तक्त्यात संशयाला जागा करून ठेवली आहे, आणि आपण मुलाकडे निदानाचा दाखला मागतो.

पथकाचीही अडचण आहे. ते पावसाळ्यात आलं तर मूल टुणटुणीत असतं. आपल्या भागात ही मुलं बिघडतात दिवाळीनंतर. थंडी पडते, साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं, चिमणीची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते, फडात पाचट पेटतं. पथकाला जुलैमध्ये त्यातलं काय दिसणार? त्याला दाखवायला नोंद हवी, आणि ती शिक्षकाशिवाय कुणाकडे असणार नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून शिक्षक ‘वर्णनात्मक नोंदी’ लिहून लिहून दमले आहेत, हे मला माहीत आहे. ‘कविता तालासुरात म्हणतो’ च्या खाली ‘खेळानंतर खोकतो’ एवढी एक ओळ वाढवा, तारखेसकट. त्या एका ओळीत मला जे कळतं ते माझ्या स्टेथोस्कोपला कळत नाही.

त्या डिसेंबरनंतर मी ‘शाळेत जाण्यास हरकत नाही’ लिहिणं बंद केलं. आता एक पत्र देतो. ते इथे वाचतो, लहानच आहे.

‘मा. मुख्याध्यापक, स. न. वि. वि. या मुलीला वारंवार खोकला येतो व धाप लागते. दम्याचा संशय आहे, निदान पूर्ण झालेलं नाही, तपासणी चालू आहे. हे पत्र ३१ मार्चपर्यंत लागू समजावं. कृपया तिला फळ्यापासून लांब बसवावं. झाडलोट, फळा पुसणं ही कामं देऊ नयेत, दुसरं काम जरूर द्यावं. पीटीला पाठवावं, बंद करू नये; खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं पंपाचे दोन फवारे, हळूहळू सुरुवात, तिनं थांबते म्हटलं तर थांबू द्यावं आणि खेळ संपल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे लक्ष असावं. पंप वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात ठेवावा, खणाला कुलूप नसावं, सहलीला तो बरोबर असावा. धाप लागल्यास: ताठ बसवा, झोपवू नका, गर्दी हटवा. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळीतून, एकेक करून चार फवारे, प्रत्येक फवाऱ्याला चार श्वास. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसले तर चार मिनिटंही थांबू नका. कोरड्या दिवसांत खोकला कधी येतो ते तारखेसह टिपून ठेवल्यास उपकार होतील.’

खाली माझी सही, तिच्याखाली पालकांची संमती आणि सही.

या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी अनुभवातून घुसल्या आहेत. ३१ मार्च ही तारीख वडिलांसाठी आहे आणि माझ्यासाठीही. संशय कायमचा चिकटणार नाही म्हटल्यावर घरच्यांचा हात सहीला वळतो, आणि ‘आपलं चुकलं तर?’ म्हणून अडून बसलेला डॉक्टरही लिहितो. ‘पीटी बंद करू नये’ हे अधोरेखित करून देतो. पूर्वी मी सरसकट सूट लिहायचो. मग एका शाळेच्या मैदानाशेजारून जाताना मला माझीच एक पेशंट दिसली, कडुलिंबाखाली चाळीस जणांच्या चपला राखत बसलेली. औषध नीट चालू असेल तर दम्याची मुलं पळतात, पोहतात, खो-खो खेळतात. खिडकीजवळ बसवा असं मी आधी लिहीत असे. एका शाळेची खिडकी नेमकी ट्रक उभे राहतात त्या रस्त्यावर निघाली, तेव्हापासून खिडकी खोडली. फळा ओल्या फडक्यानं पुसणं आणि झाडण्याआधी पाणी शिंपडणं याला तर कुणाच्याच दाखल्याची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. एवढा ठराव त्यांनी करायला हरकत नसावी.

स्पेसर महाग वाटला तर अर्ध्या लिटरची शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवा, बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर रीतसर तुलना करून ही घरगुती बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीची ठरवली आहे. आणि चुकून दमा नसलेल्या मुलाला चार फवारे गेलेच, तर हात थोडे थरथरतील, छाती धडधडेल, काही वेळानं जाईल. न दिल्याची किंमत वेगळी असते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत असा २०१९ सालचा अंदाज आहे; दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत मात्र आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर धरला जातो.

पण एक पथ्य शिक्षकांनी पाळावं, आणि ते महत्त्वाचं आहे. नाव तुम्ही ठेवू नका. माझ्याकडे एक चार वर्षांचा मुलगा ‘बाळदमा’ म्हणून आला होता. बालवाडीतल्या ताईंनी, आजीनं आणि दोन डॉक्टरांनी तेच ठरवलं होतं. छातीच्या एकाच बाजूला आवाज कमी वाटला म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवला. दुर्बीण घालून उजव्या श्वासनळीतून शेंगदाण्याचं अर्धुक काढलं. शेंगा हे आपलं रोजचं खाणं, आणि हे असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं. खोकला अचानक, खाताना ठसका लागून सुरू झाला असेल तर तो दमा समजू नका. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर क्षय बघावा लागतो. संशय हा संशय म्हणूनच कागदावर राहिला पाहिजे. म्हणजे शोध चालू राहतो.

ऊसतोडीच्या कोप्यांवरची मुलं या सगळ्याच्या बाहेर राहतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून येतात, उन्हाळा लागला की परत जातात. इथला डॉक्टर संशय घेतो तोवर टोळी हलते, तिकडचा डॉक्टर पहिल्यापासून विचारतो. त्यांच्यासाठी मी पत्राची दुसरी प्रत मुलाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून देतो. दोनदा ती वही पुढच्या हंगामात परत आली. बाकीच्यांचं काय झालं, सांगता येत नाही.

त्या चौथीतल्या मुलीची तपासणी पुढे झाली. सरळ आली. म्हणजे माझ्या फाईलवर आजही ‘संशयित’च आहे, दरवर्षी नवी तारीख घालून पत्र जातं. ती आता सातवीत आहे, पंप स्वतःच्या दप्तरात ठेवते. यंदा खो-खोच्या संघात आहे आणि पीटीचे सर तेच आहेत.

वेळ झाली. पत्राच्या कोऱ्या प्रती मी दोनशे काढून आणल्या आहेत, नाव आणि तारखेच्या जागा मोकळ्या सोडल्यात. दाराजवळ चपलांच्या रॅकशेजारी टेबल आहे, त्यावर ठेवल्या आहेत. मुख्याध्यापकांनी प्रत्येकी दहा न्याव्यात, पालकांनी एकेक न्यावी आणि आपापल्या डॉक्टरसमोर ठेवावी. ते सही करायला कां-कूं करू लागले तर माझ्याकडे पाठवा.